पहिले रतन टाटा आणि मुंबईतलं जपान



९ ऑक्टोबर २०२४ ला रतन टाटा गेले. तेव्हापासून मुलांच्या भाषणांत आणि भित्तिपत्रकांत एक गोंधळ हमखास सापडतो. रतन टाटांनी गांधीजींना दक्षिण आफ्रिकेत पैसे पाठवले, असं मुलं लिहितात. आता ज्यांचा जन्म १९३७ चा, ते १९०९ मध्ये पैसे कसे पाठवतील? वाक्य खरं आहे, पण ते रतन टाटा वेगळे. त्या पहिल्या रतन टाटांविषयी हा पाठ. मुंबईच्या संग्रहालयात आपल्याला जपानी कला बघायला मिळते, त्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. पुस्तकांत ही गोष्ट फारशी येत नाही.

सर रतन टाटा म्हणजे जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव. जन्म २० जानेवारी १८७१, मुंबई. थोरले भाऊ दोराबजी त्यांच्यापेक्षा जवळजवळ बारा वर्षांनी मोठे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात रतनजी शिकले आणि १८९६ मध्ये वडिलांच्या पेढीत भागीदार झाले. पोलाद आणि वीज म्हटलं की दोराबजींचं नाव पुढे येतं. रतनजींकडे व्यापाराचं काम जास्त होतं : कापूस, सूत, रेशीम, मोती, तांदूळ. पेढीच्या शाखा पॅरिस, न्यूयॉर्क, रंगून, शांघाय आणि जपानमधल्या कोबे इथे होत्या.

कोबे हे नाव नकाशात मुलांना जरूर दाखवा. टाटांचं जपानशी नातं जुळलं ते कापसामुळे. आपल्याकडचा कापूस मुंबई बंदरातून जपानच्या गिरण्यांना जायचा, पण इंग्रजी जहाज कंपन्यांचं भाडं फार. म्हणून जमशेटजी १८९३ मध्ये स्वतः जपानला गेले आणि तिथल्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीबरोबर मुंबई-कोबे जहाजं सुरू करायचं ठरवलं. (त्याच वर्षी पुढच्या प्रवासात योकोहामाहून निघालेल्या बोटीवर त्यांच्यासोबत स्वामी विवेकानंद होते. मुलांना हे सांगितलं की वर्ग एकदम जागा होतो!)

रतनजींना कलावस्तू जमवायचा छंद होता. १९०६ मध्ये त्यांनी लंडनजवळ ट्विकनहॅम इथलं यॉर्क हाऊस विकत घेतलं. तो काळ युरोपात जपानी कलेच्या वेडाचा होता. त्या वेडाची सुरुवात जपानी लाकडी ठशांच्या चित्रांनी केली होती. चित्रकार होकुसाई यांची ती निळी मोठी लाट तुम्ही कुठेतरी पाहिली असेलच. ती साधारण १८३१ ची.

इथे थोडं थांबू या, कारण हा भाग थेट आपल्या कार्यानुभवाच्या तासाचा आहे. भेंडी नाहीतर कांदा कापून रंगात बुडवायचा आणि कागदावर ठसा उमटवायचा, हे आपली पहिलीची पोरंसुद्धा करतात. जपानमध्ये तेच काम चेरीच्या लाकडावर चालायचं. चित्रकार कागदावर चित्र काढायचा. तो कागद फळीवर उलटा चिकटवून कोरणारा नको तेवढं लाकूड काढून टाकायचा. मग छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी घेऊन एकाच कागदावर रंगामागून रंग चढवायचा. एक रंग जरा सरकला की कागद वाया. पैसा प्रकाशकाचा. म्हणजे चार जणांची मेहनत, आणि नाव मात्र बहुतेक वेळा चित्रकाराचंच आपल्या लक्षात राहतं. ही चित्रं राजेरजवाड्यांसाठी नव्हती. शेकड्यांनी छापायची आणि गावातल्या साध्या माणसाला परवडतील अशा भावात विकायची. तीच पुढे व्हॅन गॉगसारख्या चित्रकाराने वेड्यासारखी जमवली.

अशा काळात रतनजींनी पौर्वात्य आणि पाश्चात्त्य वस्तू जमवल्या. जपानी भांडी, झाडाच्या चिकाचे थरावर थर देऊन चकाकी आणलेल्या पेट्या, चीनमधलं हिरव्या जेड दगडाचं कोरीवकाम, चित्रं. श्रीमंताचा शौक म्हणून सोडूनही देता आलं असतं. पण त्याच माणसाचा बाकीचा खर्च बघा. दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यासाठी १९०९ मध्ये गांधीजींना २५,००० रुपये, आणि पुढे मिळून एकूण सव्वा लाख. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला दरवर्षी १०,००० रुपये. १९१३ पासून पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसा, ज्यातून कुम्हरारचा मौर्यकालीन खांबांचा मंडप उजेडात आला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गरिबीचा अभ्यास करायला देणगी. हिंदुस्थानातल्या माणसाने इंग्लंडमधल्या गरिबीच्या अभ्यासाला पैसे द्यावेत, ही मला यातली सगळ्यात मोठी गंमत वाटते.

१९१६ मध्ये सर किताब मिळाला. त्याच सुमारास तब्येत ढासळली म्हणून ते इंग्लंडला गेले आणि ५ सप्टेंबर १९१८ रोजी सेंट आइव्हज इथे वारले. वय अवघं ४७. ब्रुकवुडच्या दफनभूमीत वडिलांशेजारी त्यांना ठेवलं आहे.

त्यांना मूलबाळ नव्हतं. संग्रह लंडनच्या लिलावात फुटून घरोघर गेला असता, तर कुणी काही म्हणलं नसतं. पण तो मुंबईच्या संग्रहालयाला मिळाला. या इमारतीची पायाभरणी १९०५ ची, पण पहिल्या महायुद्धात तिथे दवाखाना होता. लोकांसाठी ती १० जानेवारी १९२२ ला उघडली. तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. दोराबजींचा संग्रहही नंतर तिथेच आला. रतनजींच्या मालमत्तेतून १९१९ मध्ये ८० लाखांचा सर रतन टाटा ट्रस्ट उभा राहिला.

आता मुलांचा नेहमीचा प्रश्न : मग आपले रतन टाटा यांचे कोण? रतनजींच्या पत्नी नवाजबाईंनी पतीच्या निधनानंतर अनाथाश्रमात वाढणाऱ्या नवल नावाच्या मुलाला दत्तक घेतलं. त्या नवल टाटांचे चिरंजीव म्हणजे २०२४ मध्ये गेलेले रतन टाटा. नात्याने पहिले रतनजी त्यांचे आजोबा. वंशवृक्ष फळ्यावर काढा, दोन मिनिटांत गोंधळ मिटतो.

अहमदपूरहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. सहलीत राणीची बाग आणि गेटवे ठरलेलंच असतं. गेटवेपासून हे संग्रहालय चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. सोमवार-मंगळवार न बघता आधी फोन करून वेळ विचारा, आणि जपानी दालनासाठी किमान अर्धा तास राखून ठेवा. जायला जमणार नसेल, तर संग्रहालयाची एक फिरती बसही आहे. २०१५ पासून ती शाळांपर्यंत वस्तू घेऊन जाते. मुख्याध्यापकांच्या सहीचं एक पत्र लिहून विचारायला काय हरकत आहे?