सिकंदर आणि त्याचा म्हातारा घोडा

गुरुजींनी थोर माणसाची माहिती लिहायला सांगितली. मी सिकंदर राजा घेतला. कारण दिवाळीच्या आधी आमची चांदणी घोडी मेली.

सिकंदराचा जन्म इ. स. पूर्व ३५६ मध्ये पेल्ला या गावी झाला. हे गाव ग्रीसच्या उत्तरेला मॅसिडोनिया देशात होते. त्याच्या वडिलांचे नाव राजा फिलिप. ॲरिस्टॉटल हे मोठे विद्वान त्याचे गुरुजी होते.

सिकंदर बारा-तेरा वर्षांचा असेल. तेव्हा एक जण घोडा विकायला घेऊन आला. घोड्याचे नाव ब्यूसेफॅलस. त्याचा अर्थ बैलाच्या डोक्याचा. घोड्याला बैलाचे नाव, म्हणून आमच्या वर्गात सगळे हसले. त्याची किंमत १३ टॅलंट होती. टॅलंट हे चांदी मोजायचे वजन. १ टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो. पण तो कुणालाच पाठीवर बसू देईना. राजाने तो परत न्यायला सांगितला. सिकंदर मात्र नीट बघत होता. घोडा आपल्याच सावलीला बुजतोय हे त्याच्या ध्यानात आले. त्याने लगाम धरला आणि घोड्याचे तोंड सूर्याकडे केले. सावली मागे गेली. मग त्याला थोपटून थोपटून तो हळूच वर बसला. त्या दिवसापासून दोघांची दोस्ती झाली.

विसाव्या वर्षी सिकंदर राजा झाला. इ. स. पूर्व ३३४ मध्ये तो फौज घेऊन आशियात आला. त्याने इराणच्या दारियस राजाला हरवले. लढायांत पुष्कळ माणसे मेली, ते मला आवडले नाही. पण घोड्याला त्याने जपले, ते आवडले. घोडा म्हातारा झाल्यावर सिकंदर फौजेची पाहणी दुसऱ्या घोड्यावरून करायचा. लढाई सुरू होताना फक्त याच्यावर बसायचा. एकदा काही लोकांनी घोडा पळवला. सिकंदर इतका रागावला की त्यांनी घाबरून तो परत आणून दिला.

इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलम नदीकाठी पोरस राजाशी लढाई झाली. ती जागा आता पाकिस्तानात आहे. तिथेच घोडा मेला. तो सुमारे ३० वर्षांचा होता असे सांगतात. सिकंदराला जिवलग मित्र गेल्यासारखे दुःख झाले. त्याने नदीकाठी घोड्याच्या नावाचे शहर वसवले. पुढे बियास नदीपाशी शिपाई थकले आणि फौज मागे फिरली. इ. स. पूर्व ३२३ मध्ये सिकंदर बाबिलोन शहरात वारला. तेव्हा त्याला ३३ वर्षेही पूर्ण नव्हती.

आमची चांदणी वरातीला जायची. म्हातारी झाल्यावर चार वर्षे ती नुसती गोठ्यात होती. लोक म्हणायचे विकून टाका. आजोबांनी विकली नाही. ती मेली तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. काही लोक त्यांना हसले. मला फार वाईट वाटले. मग मी आजोबांना ही गोष्ट वाचून दाखवली. एवढा मोठा राजापण घोड्यासाठी रडला का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. मग त्यांनी आईकडे भाकरी मागितली.

आमच्याकडे शहर वसवायला राज्य नाही. चांदणीला पुरले तिथे आजोबांनी लिंबाचे रोप लावले आहे. शेळ्या खातात म्हणून भोवती काट्या लावल्या. शाळेत येताना मी रोज त्याला तांब्याभर पाणी घालतो.

मित्रांनो, म्हातारे जनावर कामाचे नसले तरी ते आपलेच असते. त्याला विकू नका.

इयत्ता ४ थी