कोटगढचा बागवान

मुलांनो, सफरचंद तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. उर्दूत आपण त्याला सेब म्हणतो. एकदा माझ्या वर्गातील एका मुलाने सफरचंदाच्या बिया कुंडीत पेरल्या. दोन रोपे उगवली. पण उन्हाळा येताच ती वाळून गेली. आपल्याकडे सफरचंद का होत नाही, असे तो मला रोज विचारू लागला. त्याला उत्तर देताना मला सॅम्युअल स्टोक्स यांची आठवण झाली.

स्टोक्स यांचा जन्म १८८२ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी झाला. वडिलांचा लिफ्ट बनवण्याचा मोठा कारखाना होता. पण मुलाचे मन त्यात रमले नाही. १९०४ साली तो हिंदुस्थानात आला आणि सिमल्याजवळ सुबाथू येथे कुष्ठरोग्यांची सेवा करू लागला. पुढे तो कोटगढच्या डोंगरात स्थायिक झाला. १९१२ मध्ये त्याने अ‍ॅग्नेस नावाच्या तिकडच्याच मुलीशी लग्न केले.

कोटगढ सहा-सात हजार फूट उंचीवर आहे. तेथे हिवाळ्यात बर्फ पडते. उतारावरच्या लहान शेतांत धान्य बेताचेच पिके. लोकांना थंडी वैरीण वाटे. स्टोक्स यांनी मात्र त्याच थंडीचा उपयोग करून घेतला.

सफरचंदाचे झाड हिवाळ्यात पाने गाळून जणू झोपी जाते. ही झोप अपुरी राहिली, तर वसंतात कळ्या नीट उमलत नाहीत; मग फळ कोठून येणार? काही जातींना सात अंशांखालच्या थंडीचे सुमारे हजार तास लागतात. आपल्या गावात एवढी थंडी कोठली! इस्राएलमध्ये तयार झालेल्या 'अ‍ॅना' जातीला साधारण तीनशे तास पुरतात. म्हणून ती उष्ण प्रदेशातही लावतात.

त्या भागात इंग्रजांनी आणलेली सफरचंदे होती, पण ती आंबट. १९१६ साली स्टोक्स यांनी अमेरिकेहून 'रेड डेलिशस' या गोड जातीची रोपे मागवून आपल्या बागेत लावली. बिया का नाही आणल्या? कारण बियांपासून आलेल्या झाडाला तसेच फळ येईल, याचा भरवसा नसतो. त्यासाठी कलमच हवे. पण कलमाला फळ यायलाही काही वर्षे लागतात. धान्याच्या जागी झाडे लावली, तर तोवर घरात खायचे काय? शेतकऱ्यांपुढे हा खराच प्रश्न होता. म्हणून स्टोक्स यांनी आधी स्वतःच्या जमिनीत बाग फुलवून दाखवली. मग लोकांना रोपे दिली, छाटणी शिकवली.

त्या काळी सरकारी साहेबांचे सामान डोंगरी लोकांना सक्तीने वाहावे लागे. ही बेगार. हा शब्द तुम्हाला उर्दूतून ठाऊकच आहे. शेतकरी ऐन कामाच्या दिवसांत ओझी वाहू लागला, तर शेताकडे कोण पाहणार? स्टोक्स यांनी लोकांना एकत्र करून १९२१ मध्ये ही प्रथा बंद पाडली. त्याच वर्षी स्वातंत्र्यलढ्यात त्यांना अटक झाली आणि लाहोरच्या तुरुंगात सहा महिने काढावे लागले.

घरी मोठे दुःख वाट पाहत होते. त्यांचा लहान मुलगा तारा आजाराने दगावला. पित्याने त्याच्या नावाने गावातल्या मुलांसाठी शाळा काढली.

१९३२ साली त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला आणि सत्यानंद हे नाव घेतले. १४ मे १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. देश स्वतंत्र झाल्याचे त्यांना पाहता आले नाही.

आता हिमाचलातील हिवाळे पूर्वीइतके थंड राहिले नाहीत. तेथील बागवान नवी झाडे आणखी उंच डोंगरांवर लावू लागले आहेत.