डिस्नेची नदी आणि नफ्याचा हिशेब

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात वॉल्ट डिस्नेच्या नावाने जे विशाल करमणूक-उद्यान उभे आहे, त्यातील एक कृत्रिम नदी जुलै २०२५ मध्ये बंद करण्यात आली. नदीतले टॉम सॉयरचे बेट आणि बेटाला वळसा घालणारी आगबोट यांनाही त्याच वेळी निरोप देण्यात आला. त्या जागी ‘कार्स’ या २००६ सालच्या व्यंगपटावर आधारलेला नवा विभाग उभारण्याचे काम कंपनीने हाती घेतले. वरवर पाहता ही एका धनाढ्य कंपनीची घरगुती बाब आहे. परंतु त्यानिमित्ताने एक जुना वाद पुन्हा पेटला. उद्यानाचे जे मूळ विभाग एखाद्या काळाच्या वा प्रदेशाच्या कल्पनेवर रचले गेले, त्यांत गाजलेल्या चित्रपटांना आणि त्यांच्या मालिकांना शिरकाव द्यावा की नाही, हा तो वाद होय. नवलाची गोष्ट अशी की, दोन्ही पक्ष आपल्या बाजूने साक्षीला वॉल्ट डिस्नेलाच उभे करतात. तेव्हा प्रथम त्याच्या चरित्राकडे वळणेच इष्ट ठरेल.

वॉल्ट डिस्नेचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोत झाला. तो चार वर्षांचा असताना कुटुंब मिसुरी राज्यातील मार्सलीन या लहानशा गावी शेती करण्यासाठी गेले. शेत, झाडे, गुरे, गावातला एकुलता एक मोठा रस्ता आणि जवळून धडधडत जाणारी आगगाडी हे त्याचे बालपणीचे विश्व. ते फार काळ टिकले नाही. वडील आजारी पडले, शेती विकावी लागली आणि १९११ साली कुटुंब कॅन्सस सिटीत आले. तेथे वडिलांनी वृत्तपत्रे वाटण्याचे काम घेतले आणि पहाटेच्या काळोखात, प्रसंगी बर्फ तुडवीत, घरोघरी अंक टाकण्याचे काम वॉल्ट व त्याचा थोरला भाऊ रॉय यांच्या वाट्याला आले. जे बालपण चार-पाच वर्षांत हातचे निसटले, त्याची आठवण त्याला आयुष्यभर पुरली.

एका सशाचा धडा

कॅन्सस सिटीत त्याने काढलेली पहिली चित्रसंस्था १९२३ साली दिवाळ्यात निघाली. त्याच वर्षी तो हॉलिवूडला गेला आणि रॉयच्या साथीने त्याने नवी संस्था सुरू केली. १९२७ साली ऑस्वल्ड नावाचा ससा त्याने पडद्यावर आणला. तो लोकप्रियही झाला. परंतु मोबदला वाढवून मागण्यासाठी १९२८ साली तो न्यूयॉर्कला गेला, तेव्हा त्याला कळून चुकले की सशाची मालकी आपली नाहीच. ती वितरक कंपनीची आहे. त्याच्या हाताखालचे बहुतेक चित्रकारही प्रतिपक्षाने फोडले होते. त्या आपत्तीतून मिकी माऊसचा जन्म झाला आणि १८ नोव्हेंबर १९२८ रोजी ‘स्टीमबोट विली’ हा बोलपट झळकला. यापुढे आपण निर्माण केलेल्या पात्राची मालकी दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायची नाही, हा धडा डिस्नेने मनावर कोरून ठेवला. आज ज्या मालकीहक्कांच्या बळावर चित्रपटमालिकांचे साम्राज्य उभे आहे, त्याचे बीज या हरवलेल्या सशात आहे, हे विसरून चालणार नाही.

पुढचा काळ धाडसाचा होता. सुमारे १५ लाख डॉलर खर्चून काढलेला ‘स्नो व्हाइट’ १९३७ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला आणि जाणत्यांनी वर्तविलेले अपयश खोटे ठरले. मात्र डिस्ने हा केवळ स्वप्ने पाहणारा सालस कलावंत होता असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. १९४१ साली त्याच्या चित्रकारांनी संप पुकारला. वेतनातील विषमता आणि संघटनेचा हक्क हे त्यामागचे प्रश्न होते, आणि मालक म्हणून डिस्नेचे वर्तन त्या वेळी उदार नव्हते. १९४७ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्याने संपाच्या काही पुढाऱ्यांवर कम्युनिस्ट असल्याचा आरोप केला. अशा माणसाला देवत्व देऊन त्याच्या नावाने कौल लावणे कोणत्याच पक्षाला शोभत नाही.

उद्यानाची उभारणी

मुलींना पाळण्यात बसवून आपण मात्र बाकावर ताटकळत राहावयाचे, या अनुभवातून आईबापांनी आणि मुलांनी एकत्र रमावे अशा उद्यानाची कल्पना त्याला सुचली. बँका आणि खुद्द रॉयही साशंक होते. डिस्नेने आपल्या विम्यावर कर्ज काढले आणि अखेर एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीशी करार केला. कंपनीने ५ लाख डॉलर गुंतविले आणि ४५ लाखांपर्यंतच्या कर्जाला हमी दिली. बदल्यात तिला उद्यानात सुमारे एक-तृतीयांश हिस्सा आणि डिस्नेकडून साप्ताहिक कार्यक्रम मिळाला. ॲनाहाइम येथील संत्र्यांच्या बागांच्या १६० एकर जागेवर १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून उभे राहिलेले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले. पहिल्या दिवशी फजितीच फार झाली. परंतु सात-आठ आठवड्यांत प्रेक्षकांचा आकडा दहा लाखांवर गेला.

या उद्यानाचे वेगळेपण त्याच्या रचनेत होते. प्रवेशद्वारातून आत जाताच बालपणीच्या मार्सलीनची आठवण करून देणारा जुन्या गावातला रस्ता लागे. त्यापुढे साहस, सरहद्द, परीकथा आणि भविष्यकाळ असे चार प्रांत होते. प्रत्येकाचे नाव एका कल्पनेचे होते, चित्रपटाचे नव्हते. १९५६ साली नदीतले बेट मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरसाठी सजले. त्यावर काय होते? गुहा, झुलता पूल, तराफे, आणि मुलांना हवे तसे हुंदडायला मोकळी जागा.

पण म्हणून चित्रपटांना तेथे मज्जाव होता काय? मुळीच नाही. उद्यानातील किल्ल्याला निद्रिस्त सुंदरीचे नाव मिळाले, तेव्हा तो चित्रपट यायला चार वर्षे अवकाश होता. १९५५ सालीच भविष्यभूमीत समुद्रतळावरील एका चित्रपटाचे देखावे मांडले होते. १९५९ सालचा मॅटरहॉर्न पर्वत आणि १९६२ सालचे झाडावरचे घर हीदेखील चित्रपटांचीच देणगी. तेव्हा चित्रपट आले म्हणून डिस्नेचा आत्मा तळमळत असेल, हे म्हणणे टिकणारे नाही. उलट ‘कॅरिबियनचे चाचे’ ही सफर कोणत्याही चित्रपटाच्या आधाराविना रचली गेली. तिची आखणी डिस्नेच्या देखरेखीखाली झाली, परंतु १५ डिसेंबर १९६६ रोजी त्याचे निधन झाले आणि तीन महिन्यांनी ती खुली झाली. तिच्यावरून चित्रपट निघाला तो २००३ साली.

कसोटी कोणती?

डिस्नेच्या पश्चात पारडे फिरले. १९८७ साली भविष्यभूमीत ‘स्टार वॉर्स’ची सफर आली. पुढे कंपनीने २००६ साली पिक्सार, २००९ साली मार्व्हल आणि २०१२ साली लुकासफिल्म विकत घेतली. हरवलेला ऑस्वल्ड ससाही २००६ साली घरी परतला. जिच्या मालकाने एका पात्राच्या वियोगाचे दुःख भोगले, ती कंपनी आता इतरांच्या पात्रांची खरेदीदार झाली. यामागचे अर्थशास्त्र सरळ आहे. नव्या सफरीला कोट्यवधी डॉलर लागतात आणि यशाची खात्री नसते. परिचित चित्रपट ही जोखीम कमी करतो, शिवाय खेळणी आणि कपडे विकून आणखी प्राप्ती करून देतो. व्यवस्थापकांना यासाठी दोष देण्यात अर्थ नाही.

दोष आहे तो हिशेबाच्या पद्धतीत. नदीकाठी कोणी खेळणी घेत नाही, म्हणून नदीचे उत्पन्न वहीत शून्य दिसते. परंतु तिच्यामुळे मिळणारा गारवा, दुरून दिसणारे मोकळे पाणी, गर्दीतून सुटल्याचा विसावा, आणि आपण खरोखरच जुन्या सरहद्दीवर आहोत हा भास यांचा लाभ भोवतालच्या प्रत्येक सफरीला मिळतो. अर्थशास्त्रात याला बाह्य लाभ म्हणतात. तो सर्वांना मिळतो आणि कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही. म्हणूनच तो प्रथम बळी जातो. आपल्याकडेही शाळेच्या मैदानाचा एक कोपरा नव्या इमारतीसाठी घेतला जातो, तेव्हा मैदानाला गुण पडत नाहीत, हेच कारण असते.

प्रस्तुत लेखकाच्या मते कसोटी एवढीच असावी: ज्याने चित्रपट पाहिलेला नाही, त्यालाही तेथील अनुभव पूर्ण वाटतो काय, आणि चित्रपट प्रांताच्या कल्पनेत सामावतो की प्रांतच चित्रपटाच्या दावणीला बांधला जातो? मॅटरहॉर्नवर जाणाऱ्याला मूळ चित्रपट आठवतही नाही. तो पर्वत कसोटीस उतरतो. न्यू ऑर्लीन्सच्या राजकन्येची सफर २०२४ साली ॲनाहाइममध्ये खुली झाली, तीही त्या शहराच्या विभागाशेजारी सहज शोभते. शिवाय तिने ज्या सफरीची जागा घेतली, ती १९४६ सालच्या, कृष्णवर्णीयांचे विकृत चित्रण करणाऱ्या चित्रपटावरच बेतलेली होती. जुने ते सारे राखण्याजोगे असते असे नव्हे. २०१९ साली ‘स्टार वॉर्स’साठी स्वतंत्र विभाग झाला, हेही समजण्याजोगे आहे, जरी त्यासाठी ॲनाहाइमची नदी थोडी आखडली. पण बोलक्या मोटारींसाठी सरहद्दीवरची नदीच बुजविणे या कसोटीला उतरत नाही.

चित्रपटावरच्या सफरीत मूल दुसऱ्याने सांगून संपविलेली गोष्ट पुन्हा पाहते. बेटावर त्याला गोष्ट स्वतः रचावी लागत असे. पहाटेच्या काळोखात वृत्तपत्रे टाकणाऱ्या एका मुलाने आपले हरवलेले गाव दुसऱ्यांच्या मुलांसाठी पुन्हा उभारले, त्यात ही मोकळी जागा त्याने मुद्दाम राखली होती. नफा त्यालाही हवा होता, आणि तो त्याने भरपूर मिळविला. नदीकडून मात्र त्याने वेगळा हिशेब मागितला नव्हता.