बाटलीच्या काचेतला ताण आणि सर डेव्हिड ब्रूस्टर

फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये ‘ब्रूस्टरचा नियम’ आपण सगळ्यांनीच पाठ केलाय. अपवर्तनांक बरोबर टॅन थीटा, खाली एक आकृती, की झाले मार्क! पण हे ब्रूस्टर कोण, कुठले, त्यांनी आयुष्यभर केलं काय, हे ना परीक्षेत विचारतात ना आपण कुणाला विचारतो. मीही विचारलं नव्हतं. वाळूजला ट्रेनिंग करताना त्यांच्या कामाशी गाठ पडली आणि मग लायब्ररीत बसून त्यांचं चरित्र शोधलं. ते तुम्हालाही कळावं म्हणून हा लेखनप्रपंच.

डेव्हिड ब्रूस्टर यांचा जन्म ११ डिसेंबर १७८१ रोजी स्कॉटलंडमधल्या जेडबर्ग या छोट्या गावी झाला. वडील गावच्या शाळेचे मुख्याध्यापक. गावाजवळ जेम्स व्हीच नावाचे एक कारागीर राहत. धंदा नांगर बनवायचा, पण नाद दुर्बिणींचा! डेव्हिड त्यांच्याकडे जाऊन बसायचा. काच घासायची कशी, भिंग बसवायचं कसं, हे तो तिथेच शिकला आणि वयाच्या दहाव्या वर्षी त्यानं स्वतःची दुर्बीण तयार केली. बाराव्या वर्षी तर तो एडिंबरो विद्यापीठात दाखल झाला. आपण त्या वयात सातवीत असतो!

घरच्यांची इच्छा मुलानं धर्मोपदेशक व्हावं अशी होती. त्याप्रमाणे ब्रूस्टर शिकले आणि १८०४ मध्ये त्यांना प्रवचनाचा परवानाही मिळाला. पण लोकांसमोर उभं राहिलं की ते इतके घाबरून जात, की शेवटी त्यांनी तो मार्गच सोडला. (सेमिनारच्या दिवशी पोटात गोळा येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!) पुढे पोट भरलं ते लेखणीवर. १८०८ ते १८३० अशी बावीस वर्षं त्यांनी ‘एडिंबरो एन्सायक्लोपीडिया’ या १८ खंडांच्या ज्ञानकोशाचं संपादन केलं. दिवसा संपादन आणि उरलेल्या वेळात घरीच काचा, स्फटिक आणि प्रकाश यांच्याशी खेळ, असा त्यांचा दिनक्रम होता.

तो काळ प्रकाशशास्त्रातल्या धामधुमीचा होता. काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवित, म्हणजे पोलराइज्ड होतो, हे १८०८ मध्ये फ्रान्सच्या मालूस यांनी दाखवलं होतं. पण तो कोणत्या कोनाला पूर्ण ध्रुवित होतो आणि त्या कोनाचा पदार्थाशी संबंध काय, हे कोडं सुटत नव्हतं. ब्रूस्टर यांनी एकामागून एक पदार्थ घेतले, प्रत्येकाचा कोन मोजला आणि १८१५ मध्ये आपल्या पाठांतरातला तो नियम मांडला. साध्या काचेसाठी हा कोन साधारण ५६ अंश येतो.

त्याच सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम आहे. त्यांनी प्राण्यांच्या पायांपासून उकळून केलेली जेली घेतली, ध्रुवित प्रकाशात धरली आणि नुसती बोटांनी दाबली. दाबताक्षणी तिच्यातून रंग दिसायला लागले! हात काढला की रंग गायब. मग त्यांनी काच घेतली. ती दाबली, वाकवली, तापवली. तिथेही तेच. एरवी स्वच्छ पारदर्शक दिसणारी काच ताण आला की एखाद्या स्फटिकासारखी वागते आणि ध्रुवित प्रकाशात तो ताण चक्क डोळ्यांना दिसतो. १८१५ आणि १८१६ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सवाले ज्याला फोटोइलॅस्टिसिटी म्हणतात, त्याचा उगम हा असा जेलीत आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८१५ मध्ये त्यांना कोप्ली पदक दिलं. पुढच्याच वर्षी फ्रेंच अकादमीच्या ३००० फ्रँकच्या बक्षिसातला अर्धा वाटाही त्यांना मिळाला.

आता हा ताण आणि बाटली यांचा संबंध काय? काचेच्या ग्लासात एकदम उकळता चहा ओतला की तो तडकतो, हा हॉस्टेलवरचा नेहमीचा अनुभव. आतली बाजू प्रसरण पावते, बाहेरची अजून थंडच असते. बाटली बनतानाही असंच, पण उलट घडतं. साच्यातून निघालेल्या लालबुंद बाटलीचा बाहेरचा थर आधी थंड होऊन कडक होतो, आतला मागाहून आकसतो आणि मधल्यामध्ये ताण कायमचा अडकून बसतो. तो काढण्यासाठी बाटल्या ‘लेहर’ नावाच्या लांबलचक भट्टीतून नेतात. तिथे त्यांना साधारण ५५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सावकाश निववतात. यालाच अनीलिंग म्हणतात. लेहरमध्ये काही बिघडलं, तर बाटली दिसायला सुरेख, पण आतून तणावग्रस्त. अगदी सबमिशनच्या आठवड्यातल्या आपल्यासारखी!

वाळूजला मी हेच पाहिलं. औषधाच्या एका कंपनीत (नाव नको) बाटल्या तपासायचं कॅमेऱ्याचं मशीन होतं. बाटली उजळ पडद्यासमोर गोल फिरते, कॅमेरे तिच्या भिंतीचे चहूबाजूंनी फोटो काढतात. काचेत खडा, बुडबुडा, काळा डाग किंवा चीर असेल तर तेवढा भाग पडद्याच्या उजेडापेक्षा वेगळा दिसतो आणि ती बाटली हवेच्या झोतानं लाइनबाहेर फेकली जाते. मशीन आपलं काम चोख करत होतं. तरी त्या आठवड्यात पास झालेल्या बाटल्या पुढे गरम पाण्यानं धुताना मधूनमधून तडकत होत्या. ज्या बाटलीत लहान मुलांचं सिरप जाणार, तिच्यात काचेचा एक कण राहिला तर काय होईल, ते सांगायला नको.

तेव्हा क्यूसीच्या सरांनी कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. आत दिवा, त्यापुढे एक पोलरॉइड, मग बाटली ठेवायची जागा आणि डोळ्यापाशी आडवा फिरवलेला दुसरा पोलरॉइड. बस्स! चांगली बाटली ठेवली तर सगळं काळोखं. त्या लॉटमधली ठेवली आणि तिच्या भिंतीवर व खांद्यापाशी लख्ख पांढरे पट्टे चमकले. कॅमेऱ्याला दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच! खडा नाही, चीर नाही, होता तो फक्त ताण. सरांनी शेजारच्या प्रमाणित चकत्यांशी तुलना केली आणि अख्खा लॉट परत पाठवला. आता ध्रुवित प्रकाश वापरणारे कॅमेरेही निघाले आहेत, पण तत्त्व ब्रूस्टर यांचंच. काचेतला ताण मोजताना लागणाऱ्या स्थिरांकाच्या एककालाही ‘ब्रूस्टर’ असंच नाव आहे. ज्या पदार्थाचा स्थिरांक १ ब्रूस्टर, त्याच्या १ मिलिमीटर जाडीत १ मेगापास्कल ताण असेल तर प्रकाशाच्या दोन घटकांत १ नॅनोमीटरचा फरक पडतो. बाटलीच्या काचेचा स्थिरांक साधारण २.६ ब्रूस्टर. म्हणजे ३ मिलिमीटर जाड भिंतीत ५ मेगापास्कल ताण असेल तर फरक झाला ३९ नॅनोमीटर. एवढासा फरक, पण त्या डब्यात तो दिसतो.

पुन्हा चरित्राकडे येऊ. आरशाच्या तीन पट्ट्या आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे घालून आपण लहानपणी शोभादर्शक करायचो, कर्णपुऱ्याच्या यात्रेत तो विकतही मिळायचा. तो मूळचा ब्रूस्टर यांचाच! १८१७ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. पण नमुना दुकानदारांच्या हाती लागला, नकला निघाल्या आणि लंडन-पॅरिसमध्ये तीन महिन्यांत लाखो कॅलिडोस्कोप खपले. घरोघरी ब्रूस्टर यांचं खेळणं पोचलं, ब्रूस्टर यांच्या खिशात मात्र जवळजवळ काहीच आलं नाही.

त्याहून मोठी हार पुढे होती. ते न्यूटनचे भक्त. न्यूटनचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. प्रकाश म्हणजे कणांचा झोत, हे न्यूटनचं मत त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. इकडे फ्रेनेल यांनी प्रकाश ही लहर आहे हे गणितानं मांडलं आणि गंमत अशी, की त्या गणितातून ब्रूस्टर यांचा कोन आपोआप बाहेर पडला. म्हणजे ज्या सिद्धांताला ते विरोध करत होते, त्याला भक्कम पुरावा त्यांच्याच रीडिंगनी दिला! पण आपल्या मताला सोयीचं व्हावं म्हणून त्यांनी आकडे बदलले नाहीत. जे दिसलं तेच लिहिलं.

१८५९ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते एडिंबरो विद्यापीठाचे प्राचार्य झाले आणि १० फेब्रुवारी १८६८ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचं काम तरुण मॅक्सवेलनं पुढे नेलं. तोही घरी काच तापवून झटकन थंड करायचा आणि तिच्यातले रंग बघत बसायचा. आपल्याकडे तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा आणि कराडजवळच्या ओगलेवाडीचा कारखाना १९१६ चा. ओगल्यांचा प्रभाकर कंदील आजी-आजोबांनी वापरलेला असेल. कंदिलाची काच नीट निववलेली नसेल तर वात मोठी केली की तडकणारच. म्हणजे हा प्रश्न आपल्याही घरात होता.

हे सगळं खोटं वाटत असेल तर हॉस्टेलवर करून बघा. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल स्क्रीन काळी होईपर्यंत फिरवा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक सेट-स्क्वेअर धरा. इंद्रधनुष्य दिसेल.

आणि एक विनंती. आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री सिनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरतात आणि ग्राफ सरळ रेषेत यावा म्हणून एखादा आकडा ‘ॲडजस्ट’ होतो. ब्रूस्टर यांचा सिद्धांत चुकला, पेटंट गेलं, प्रवचन जमलं नाही, तरी दोनशे वर्षांनंतर वाळूजमध्ये त्यांच्या तत्त्वावर बाटल्या पास-नापास होतात, कारण रीडिंग खरी होती. उद्या आपल्यापैकीच कुणीतरी अशा लाइनवर उभं राहणार आहे. बाटली पास की नापास, हे तेव्हा आपल्याला ठरवायचंय. सवय आतापासूनच लावलेली बरी!