हातांची भूक

मारिया माँटेसरी यांचा जन्म १८७० साली इटलीत झाला. १८९६ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन त्या रोमच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करू लागल्या. त्या काळी वाढ खुंटलेली मुलेही मनोरुग्णालयातच ठेवीत. अशी काही मुले जेवणानंतर जमिनीवर पावाचे कण चाचपीत. राखणदारीण त्यांना खादाड म्हणे. माँटेसरींना मात्र ती हातांची भूक वाटली, असे सांगतात; कारण त्या खोलीत हाताळण्याजोगे दुसरे काहीच नव्हते.

या मुलांना औषधाहून शिक्षणाची गरज अधिक, असे त्यांचे मत बनले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी निघालेल्या शाळेच्या त्या एक संचालक होत्या. अकरा वर्षांच्या एका मुलीला काही केल्या धावदोरा घालता येईना. माँटेसरींनी तिच्या हातची सुई काढून घेतली व कागदी पट्ट्यांची चटई विणावयास दिली. पट्टी खालून-वरून ओवण्यात हात बसल्यावर तिने पुन्हा सुई धरली, आणि तिला टाके घालता आले! काही मुले तर सर्वसाधारण शाळेच्या परीक्षेतही उत्तीर्ण झाली. मग निरोगी मुलेच मागे का राहतात, हा प्रश्न त्यांना पडला. त्यातूनच १९०७ चे बालगृह उभे राहिले.

१९३९ मध्ये त्या भारतात आल्या व मद्रासला शिक्षकांना शिकवू लागल्या. १९५२ साली त्यांचे निधन झाले. कामातून उपचार करणाऱ्या आजच्या व्यवसायोपचार केंद्रांत मुले मणी ओवतात, गुंड्या लावतात.