दगडावर जगणाऱ्या जिवाणूंचा माग

तांब्याच्या खाणीतून निघणारा बराचसा दगड कमी प्रतीचा असतो. शंभर किलोत अनेकदा अर्धा किलोही तांबे नसते. तो भट्टीत वितळवणे परवडत नाही. पण अशा दगडाच्या ढिगांतून आता जिवाणूंच्या मदतीने तांबे मिळवतात. या पद्धतीला ‘बायोलीचिंग’ म्हणतात. तिच्या विज्ञानाचा पाया सर्गेई विनोग्राड्स्की यांनी घातला, तोही खाणीत पाऊल न ठेवता.

१८५६ मध्ये कीव्ह येथे जन्मलेल्या विनोग्राड्स्की यांनी आधी कायद्याचा अभ्यास सोडला. पुढे सेंट पीटर्सबर्गला पियानो शिकायला गेले, तेही सोडून वनस्पतिशास्त्राकडे वळले. १८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला अँटोन डी बारी यांच्या प्रयोगशाळेत आले. तिथे गंधकयुक्त पाण्यात वाढणारे बेगियाटोआ हे जिवाणू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड मिळाला की जिवाणूंच्या पेशींत गंधकाचे कण साठत. तो तोडला की कण नाहीसे होत, त्यांचे सल्फ्युरिक आम्ल बनलेले असे आणि काही काळाने जिवाणू उपाशी मरत.

म्हणजे गंधक हेच त्यांचे इंधन होते! सजीवांना ऊर्जा सूर्यप्रकाशातून किंवा सेंद्रिय अन्नातूनच मिळते, असे तेव्हा मानले जाई. निर्जीव खनिजावरही जीव जगतो, हे विनोग्राड्स्की यांनी १८८७ मध्ये मांडले. पुढे झुरिचमध्ये त्यांनी जमिनीतील अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणूही वेगळे केले.

रशियन राज्यक्रांतीनंतर, साठी उलटलेली असताना, सारे मागे टाकून त्यांना देश सोडावा लागला. १९२२ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटने त्यांना बोलावले आणि पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर येथे त्यांनी पुन्हा संशोधन सुरू केले.

१९४७ मध्ये अमेरिकेतील कोळसा खाणींच्या आम्लयुक्त पाण्यात लोह आणि गंधक या दोन्हींवर जगणारा जिवाणू सापडला. विनोग्राड्स्की तेव्हा नव्वदीत होते. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी जिवाणूंच्या साहाय्याने धातू मिळवण्याच्या पद्धतीचे पेटंट एका अमेरिकी तांबे कंपनीला मिळाले.

या पद्धतीत फोडलेल्या दगडाच्या ढिगावर सौम्य आम्ल शिंपडतात. जिवाणू फेरस लोहाचे फेरिक लोह करतात. फेरिक लोह सल्फाइड खनिज फोडून तांबे मोकळे करते आणि स्वतः पुन्हा फेरस होते. जिवाणू ते परत फेरिक करतात व चक्र चालू राहते. खाली जमलेल्या निळसर द्रावणातून विजेच्या साहाय्याने शुद्ध तांबे काढतात.

यात भट्टी लागत नाही, धूरही होत नाही. मात्र काम महिनोन्महिने चालते. शिवाय हेच जिवाणू सोडून दिलेल्या खाणींत मोकाट वाढले, तर आम्ल आणि विरघळलेले धातू ओढ्यानाल्यांत उतरतात व मासे मरतात. म्हणूनच ढिगाखाली गळती रोखणारे अस्तर घालणे आणि काम संपल्यावरही त्या पाण्यावर लक्ष ठेवणे गरजेचे असते.