बाप्तिस्म्यानंतरच्या रमाबाई

पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्तस्वीकाराची चर्चा बहुधा १८८३ साली इंग्लंडात झालेल्या बाप्तिस्म्यापाशीच थांबते. वास्तविक त्या बाप्तिस्म्याने त्यांच्या मनाला स्वस्थता लाभली नव्हती. दुष्काळाने आई, वडील व थोरली बहीण हिरावून नेली; पुढे भाऊ गेला आणि विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. धर्म लाभला, परंतु ख्रिस्त भेटला नाही, ही रुखरुख त्यांना सुमारे आठ वर्षे जाळीत होती. ती शमली, तरी संकटे सरली नाहीत. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आक्षेपावरून रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक शारदा सदनापासून दूर झाले. अशा एकाकी अवस्थेतही १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. केडगावचे मुक्ती सदन वाढले ते त्यांच्यासाठी. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या दुष्काळाने त्यांना पोरके केले, त्याच दुष्काळातील पोरक्यांची आई होण्याचे बळ त्यांना श्रद्धेने दिले. केवळ धर्मांतराच्या वादावरून रमाबाईंचे मोल ठरविणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे.